साचेवाल्याचं काय करायचं

सोमवार, दुपार

प्रिय खडूस,

तू फोन उचलणार नाहीस हे धरूनच लिहिते आहे, तेव्हा न उचलल्याचं समाधान यावेळी तुला नाही. बातमी एवढीच की आईने पूलराखणीला प्रेमात पाडलंय.

तू काही आता ती मालिका वाचत नसशील. मोठी माणसं तुम्ही, परदेशात लिफ्ट दुरुस्त करता, साप्ताहिकातल्या धुक्याच्या गोष्टींना तुम्हाला कुठला वेळ. म्हणून थोडक्यात सांगते. आपली पूलराखीण, जिने त्या लांबलचक पुलावरचं अख्खं शहर इतकी वर्षं धुक्याच्या सैन्यापासून राखलं, जिचा नवरा मशालजी पहिल्याच पर्वात धुक्यात गेला तो आलाच नाही, तिच्यासमोर गेल्या शुक्रवारी एक साचेवाला येऊन बसला. धुक्याने ज्यांचे चेहरे पुसले त्यांना हा मेणाचे चेहरे करून देतो. उद्या तिचाही पुसला गेला तर हाताशी असावा म्हणून तिच्या चेहऱ्याचा साचा घ्यायला आला. लगदा सुकेपर्यंत तिने डोळे मिटून, तोंड न हलवता पडून राहायचं. तो बोलत बसतो. हळूहळू मनातलं सगळं बोलून टाकतो, कारण ती मध्ये काही बोलू शकत नाही. शेवटी ती चाचपडत हात पुढे करते आणि त्याची बाही धरते. संपला भाग. कोणी कोणाचा साधा हात धरला नाही आणि वाचकांनी घर डोक्यावर घेतलंय.

प्रतिक्रिया अजून माझ्याकडेच येतात. दर सोमवारी मी त्या छापून आणते, आई मटार सोलत बसते, मी वाचते. प्रत्येक पत्राला तिचा एकच शब्द, ‘पुढचं’ नाहीतर ‘ठेव’. ठेवलेल्यांचा विचार करून ती पुढचा भाग लिहायला बसते. तू असताना होतं तेच सगळं, फक्त मटार आता महाग झालेत.

यावेळी गठ्ठा इतका जाड की माझा घसा बसला. एक निवृत्त भूमापक आहेत, पुलाच्या कमानी मोजत बसणारे, ते विचारतात की धुकं तिसऱ्या कमानीला भिडलेलं असताना राखीणबाई डोळे मिटून पडल्या होत्या, तर पहाऱ्यावर नेमकं कोण होतं ते कळवावं. मुलींच्या एका वसतिगृहाने मिळून लिहिलंय, भाग मोठ्याने वाचला आणि मग जेवायला कोणी उठलंच नाही. एक गृहस्थ लिहितात, या वयात हे शोभतं का, आणि खाली बारीक अक्षरात विचारतात की पुढच्या आठवड्यातही असंच आहे का. एका बाईंचं पत्र तर मला पाठच झालंय. त्यांनी भाग वाचून शेजारी टीव्ही बघत बसलेल्या नवऱ्याची बाही धरून पाहिली. त्याने मुकाट्याने रिमोट दिला. आई इतकी हसली की मटाराच्या शेंगा खाली सांडल्या.

सगळ्यात शेवटी ‘एक जुना वाचक’ होता. हा अधूनमधून लिहितो, दोन-तीन ओळी, सहसा कुरकुरीच्या. यावेळी लिहिलंय: ‘पूलराखणीला विसर पडला असेल, आम्हाला नाही. बूट घालताना गुणगुणणारा मशालजी ज्या घरातून गेला, त्याच घरात ही बाई दुसऱ्याची बाही धरते. यापुढे वाचायचं की नाही, विचार करतो आहे.’

आई ‘पुढचं’ म्हणाली नाही आणि ‘ठेव’ही म्हणाली नाही. मी आपलं मोठ्याने म्हटलं, कोण असेल बाई हा. ती सालं टाकायला उठली ती बराच वेळ आत आलीच नाही.

तुझी,
ताई


बुधवार, संध्याकाळ

प्रिय खडूस,

आज भाग द्यायचा दिवस. आईने दिला नाही. बाबा गेले तो आठवडा सोडला तर असं कधी झालं नव्हतं. संपादकांचा फोन मीच घेतला आणि तिला ताप आहे म्हणून सांगितलं. शुक्रवारी साप्ताहिकात ‘अपरिहार्य कारणामुळे’ अशी चौकट येईल. ते अपरिहार्य कारण स्वयंपाकघरात बसून पेन्सिलीला टोक करतंय.

तिचं टाचण मी चोरून पाहिलं. साचेवाला धुक्यात जातो. हरवलेल्या कोणाचा तरी चेहरा आणायला म्हणून जातो आणि जातोच. पूलराखीण दार लावून घेते. चार ओळींत आटपलंय, भाजीवाल्याला हाकलावं तसं.

आता यात एवढं काय, गोष्टच आहे, असं तू म्हणशील. म्हणून नीट सांगते. साचेवाला आहे. खरा आहे. आईचे पुढचे दात काढावे लागले हे तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. कवळी करायला ती ज्यांच्याकडे जात होती ते एका गल्लीत दोन खोल्यांत कवळ्या बनवतात, मापही स्वतःच घेतात. विधुर आहेत. आपल्या वडिलांहून उंच नाहीत आणि देखणे तर मुळीच नाहीत, हे तुझ्या माहितीसाठी. माप घेताना तोंडात तो गुलाबी लगदा भरतात आणि तो घट्ट होईपर्यंत गप्प बसावं लागतं. तेवढ्या वेळात ह्या गृहस्थांनी आईला सांगून टाकलं की ते तिची गोष्ट पहिल्या भागापासून वाचतात, आणि संध्याकाळी बोलायला कोणी नसतं, आणि ती येते त्या दिवशी ते सकाळपासून खोली आवरतात. ती बिचारी बोलणार काय. लाळ पुसायला दिलेला कागद हातात, डोळ्यांतून पाणी. तिने त्यांची बाही धरली.

हे मला तिनेच सांगितलं, हसत हसत, कवळी नवी होती तेव्हा. मग बरेच महिने ते येत राहिले, ती जात राहिली. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं की उरलेलं आयुष्य एका छपराखाली काढायचं का. आईने विचार करायला वेळ मागितला आणि हा भाग लिहिला. मला वाटतं, लोक काय म्हणतील ते तिला आधी वाचून बघायचं होतं. दुसरी कोणी शेजारणीला विचारते, हिने सबंध साप्ताहिकाला विचारलं.

आता ती त्यांच्याकडे जात नाही. त्यात कवळी डाव्या बाजूला टोचते आहे, हिरडी सोलवटली आहे. पाच मिनिटांचं काम, ते तासून देतील. पण ही भाकरीऐवजी पेज पिते आणि म्हणते, होईल सवय. काल मी पाहिलं, ती कवळी काढून रुमालात गुंडाळून बसली होती आणि तोंडावर हात धरून रेडिओ ऐकत होती.

तुला हे का लिहिते आहे ते मला माहीत नाही, असं मी म्हणणार होते.

ताई


शुक्रवार

खडूस,

पुरे झालं. मला माहीत आहे.

गेली चार वर्षं ‘एक जुना वाचक’ तूच आहेस असा मला संशय होता. सोमवारी खात्री झाली. बाळा, मशालजी बूट घालताना गुणगुणतो हे छापून कुठे आलंय? मी आज सबंध पहिलं पर्व काढून बसले होते. मशालजी मशाल घेतो, कवाड उघडतो, जातो. गुणगुणत नाही. गुणगुणायचा तो आपल्या दोघांच्या गोष्टीतला मशालजी. आई आपल्याला झोपवताना सांगायची तो. बाबा रात्रपाळीला निघताना दाराशी बूट घालत काहीतरी बेसूर गुणगुणायचे, आणि त्यांचं जाणं आपल्याला रडायचं वाटू नये म्हणून तिने ते गोष्टीत घातलं होतं. लिहायला बसली तेव्हा तिने तेवढं गाळलं. ते छापायचं नव्हतं. ते जगात आपल्या तिघांनाच ठाऊक आहे, आणि तू ते साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवून दिलंस. एवढा हुशार तू, सही लपवलीस आणि बाप उघडा ठेवलास.

राग आलाय मला. तू बाबांच्या हत्यारांवरून भांडून गेलास. ते जाऊन महिना झाला नाही तोवर तिने हत्यारांची पिशवी त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला देऊन टाकली, आणि तू म्हणालास, हिने बाबांना घराबाहेर काढलं. ती पिशवी पुढच्या दाराशी होती तेवढे दिवस आई पुढच्या दाराने जात-येत नव्हती. मागून जायची, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखालून वाकून. तुला दिसलं नाही, कारण तू कपडे कधी वाळत घातले नाहीस. तू तिला विचारायला हवं होतंस. तू नुसता निघून गेलास आणि वाचक झालास.

वाचक म्हणून तुला काय हवं ते म्हणायचा हक्क आहे, मान्य. ते भूमापकही म्हणतात. पण त्यांनी वाचणं सोडलं तर आई एक वाचक गमावेल. तू दोन ओळी खरडल्यास आणि इथे एक म्हातारी बाई पेज पिते आहे.

लिही. आजच लिही. त्याच नावाने लिही, मी ओळख दाखवणार नाही. एवढंच लिही की साचेवाला राहिला तरी मी वाचीन. बुधवारच्या आत आलं पाहिजे, त्या दिवशी भाग द्यायचाच आहे.

ताई


सोमवार

खडूस,

नाही आलं. शनिवारी पाहिलं, रविवारी पाहिलं. गाडी शिकवतानाही पाहत होते. सध्या माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पार्लरवाल्या बाई वळणावर नेहमीप्रमाणे डोळे मिटतात आणि मी फोनमध्ये डोकं घालून बसलेली. माझ्या पायाखाली ब्रेक आहे म्हणून आम्ही दोघी वाचलो.

तर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, त्या कवळीवाल्या गृहस्थांकडे गेले. खोली पाहायला हवीस. फळ्यांवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. मेणाचा वास. मी म्हटलं, आई तुम्हाला मारणार आहे, म्हणजे गोष्टीत, आणि माझा अंदाज आहे की त्यानंतर इथे येणारही नाही. ते कोणाची तरी कवळी तासत होते. थांबले. मला वाटलं आता रडतील किंवा चिडतील. त्यांनी विचारलं, “त्यांना टोचतंय का कुठे?”

मी सांगितलं, डावीकडे. त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच वाटत होतं. मग म्हणाले की त्या जुन्या वाचकाचं पत्र त्यांनीही वाचलं, साप्ताहिकाच्या साइटवर आहे ते, आणि तो वाचक काही चुकीचं बोलत नाही. ज्या घरात असा गुणगुणणारा माणूस होऊन गेला, तिथे दुसऱ्याने जपूनच पाऊल टाकावं. आणि त्यांनी नाही म्हटलं तरी माझा राग नाही, पण कवळी तेवढी घेऊन ये, मी करून देतो, त्यांनी यायची गरज नाही. मी बाहेर आले आणि गाडीत बसून रडले. आता हे तुला लिहायचं नव्हतं पण लिहिलं.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. तुझं पत्र मीच लिहिलं. ‘एक जुना वाचक’ म्हणून, छान लिहिलं. विचार केला, मत बदललं, पूलराखणीलाही सोबतीचा अधिकार आहे, मशालजीलाही हेच आवडलं असतं, वगैरे. आज दुपारी बाकीच्या गठ्ठ्यात घालून वाचून दाखवलं. अर्ध्यावर आले असेन.

“हे तू लिहिलंयस,” आई म्हणाली. “तो असं लिहीत नाही. त्याला एवढे शब्द कुठे येतात.”

मी विचारलं, तो कोण. तिने पुढची शेंग सोलायला घेतली.

तिला पहिल्यापासून माहीत आहे रे. तू गेल्यावर काही महिन्यांनी पहिलं पत्र आलं होतं, आठवतं का, पुलावरून माणसं खाली सोडायच्या पाळण्याची कप्पी उलटी बसवली आहे, अशाने दोर कापेल, असं. तिने पुढच्याच भागात कप्पी सरळ केली. मला तेव्हा वाटलं, काय हा वाचक, आणि काय ही बाई. ती म्हणाली की इतरांची मुलं फोन करतात, माझा कप्पी सांगतो. तेव्हापासून ती मुद्दाम काहीतरी चुकवते. एखादा दोर, एखादं चाक. तू दुरुस्त करायला येशील म्हणून. मी एवढी वर्षं तिचं लिखाण टाइप करते आणि मला वाटायचं, आई आता थकली, तिच्या चुका होतात.

मी म्हटलं, मग त्याला कळव की तुला माहीत आहे. ती म्हणाली, मग तो लिहायचं थांबेल. आणि मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते एकटीला पेलत नाही.

“साचेवाल्याशिवाय मी जगेन. जगतच होते. पण ह्याने वाचायचं सोडलं तर मला त्याचं काही म्हणजे काही कळणार नाही. तो आहे की नाही हेसुद्धा.”

वाटाणे तसेच राहिले. मी काय सांगू तिला, तूच सांग.

ताई


शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय खडूस,

आजचा अंक एव्हाना तू वाचला असशील. झालं तुझ्या मनासारखं. साचेवाला धुक्यात गेला. चार ओळींचा मजकूर तिने चांगला पानभर केला, टाइप करताना माझे हात थांबत होते. बुधवारी तिने भाग दिला तेव्हा मी तिच्याशी बोलले नाही. जेवलेही नाही. तिने पेज केली होती, ती तिनेच संपवली.

काल सकाळी मी पार्लरवाल्या बाईंना घेऊन निघत होते, तर आई मागचं दार उघडून गाडीत येऊन बसली. चांगलं लुगडं, पर्स, पर्समध्ये रुमालात कवळी. म्हणाली, मला गल्लीत सोडा. पार्लरवाल्या बाई आजवर गल्लीत कधी शिरल्या नव्हत्या. त्यांना घाम फुटला. आई मागून दर वळणाला, “डोळे उघडे ठेवा हो,” म्हणत होती आणि गंमत अशी की बाईंनी ठेवले.

मी पण आत गेले. हो, गेले. बाई गाडीत बसून होत्या.

आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, “तुम्हाला मारलंय मी. उद्या छापून येईल.”

ते हात धूत होते. म्हणाले, “कशात?”

“धुक्यात.”

“चालेल. पाण्यात नको होतं. मला पोहता येत नाही.” मग दिवा पुढे ओढून म्हणाले, “बसा. डावीकडे ना?”

त्यांनी हिरडी पाहिली, कवळी तासली, परत बसवली, परत तासली. आई डोळे मिटून बसली होती. मग कवळी बसली आणि ती एकदम बोलायला लागली, जणू इतके दिवस तेवढ्यासाठीच अडलं होतं. म्हणाली की गोष्टीतला माझ्या एका वाचकाला नको होता. त्या वाचकासाठी मी तो दिला. पण गोष्टीतला दिला म्हणजे तुम्हालाही द्यायचं, असा विचार मी केला होता, आणि तो चुकला. काल पेज पिताना लक्षात आलं की पूलराखणीला कुठे हिरडी आहे. मला आहे. तुमचं विचारणं अजून उभं असेल तर माझं हो आहे.

त्यांनी दिवा मागे सारला. मग फळीवरून आईचा जबडा काढला, तो पांढरा, तिच्या नावाचा, आणि उगाच फडक्याने पुसत राहिले. मी बाहेर येऊन पार्लरवाल्या बाईंना गाडी रिव्हर्स घ्यायला शिकवली.

महिनाअखेरीस ते राहायला येतील. तुझी खोली तशीच आहे, त्यांना पुढची देणार. बाबांचा फोटो काढणार का असं तू मनात विचारलंस, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. त्यांनीच सांगितलंय की हलवायचा नाही.

आज दुपारपासून प्रतिक्रियांचा पाऊस आहे, सोमवारपर्यंत थांबायची सोय नाही. वसतिगृह संतापलंय, साप्ताहिक बंद पाडू म्हणतात. ज्या गृहस्थांनी ‘या वयात शोभतं का’ विचारलं होतं त्यांनीच लिहिलंय की असा निर्दयपणा अपेक्षित नव्हता. भूमापकांचं म्हणणं, धुकं तिथवर आलंच नव्हतं, मोजून दाखवतो. रिमोटवाल्या बाईंचा नवरासुद्धा लिहितो की पुढे काय झालं ते बायको सांगत नाहीये, नुसती बसून आहे. मी वाचत गेले, आई सोलत गेली, आणि दर पत्रानंतर म्हणत होती, “त्याचं आहे का बघ.”

तुझं नव्हतं. सगळ्या जगाला नको ते केवळ तुझ्यासाठी झालं आणि तुझंच काही आलं नाही. मी म्हटलं, लिहील उद्या. मी म्हटलं, कामात असेल. किती म्हणणार.

मग तिने मटाराचं भांडं बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, तू त्याला पत्रं लिहितेस हे मला माहीत आहे, टाइप करताना तुझ्या खोलीचं दार कधी लागलेलं नसतं. आज लिहिशील तेव्हा एक निरोप घाल.

निरोप असा आहे. “वाचक म्हणून त्याने मागितलं ते मी दिलं. मुलगा म्हणून त्याने अजून काही विचारलेलंच नाही.”

ताई